हवेच्या वाटेत तेल

मी एक जुना मॅनिफोल्ड आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझे नाव ऐकलेले नसेल, आणि ते तसेच राहिले असते तर मला बरे वाटले असते. मोटारीत ज्याचे काम नीट चालते त्याला कोणी ओळखत नाही. चाक सगळ्यांना माहीत असते, भोंगा तर शेजाऱ्यांनाही माहीत असतो. माझी ओळख झाली ती माझी लाज चव्हाट्यावर आली तेव्हा.

आता मी एका ड्रायव्हिंग स्कूलच्या खोलीत टेबलावर असतो. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते आहेत, कोपऱ्यात एक कापलेला टायर आहे. माझ्याखाली घडी घातलेले फडके असते, कारण उकाडा वाढला की माझ्या एका नळीतून अजूनही थेंबभर काळे तेल पाझरते. नवी माणसे शिकायला आली की मला उचलून दाखवले जाते. तेव्हा वाटते, टेबलाने दुभंगावे आणि मला पोटात घ्यावे.

तुमचा हात पुढे करा, अंगठा दुमडा आणि चार बोटे पसरा. मी साधारण तसा दिसतो. मनगटाच्या जागी माझे तोंड आहे. बाहेरची हवा फिल्टरमधून गाळून तिथे येते आणि माझ्या चार नळ्यांतून इंजिनाच्या चार घरांत जाते. तिथे ती पेट्रोलबरोबर जळते आणि गाडी पळते. हवा चौघांना सारखी वाटायची आणि स्वच्छ वाटायची, एवढेच माझे काम.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. वितळलेले अॅल्युमिनियम साच्यात ओतले, ते निवले, आणि मी झालो. मग घासणे, भोके पाडणे झाल्यावर मला तपासणीच्या टेबलावर ठेवले. तिथे बसणाऱ्या बाईंनी माझ्या प्रत्येक नळीत बारका दिवा सोडून पाहिले, आत बोट फिरवले आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघ गं, तान्ह्या लेकरानं श्वास घ्यावा इतकी स्वच्छ वाट आहे." ती मला मिळालेली पहिली शाबासकी. पुढे जे झाले त्यामुळे तीच मला सर्वांत जास्त बोचते.

मला एका लहान निळ्या गाडीत बसवले. ती गाडी एका बसचालकाने नोकरीतून निवृत्त झाल्यावर घेतली. त्यांनी डाव्या बाजूला ब्रेक आणि क्लच यांची जादा पेडल बसवून घेतली, छपरावर पाटी लावली आणि लोकांना गाडी शिकवायला सुरुवात केली. सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले. त्यांची मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झाली, आणि तीही शिकवू लागली. तिला शिकणारे ताई म्हणत. सकाळची माणसे मास्तरांची, संध्याकाळची ताईची. मधल्या वेळात गाडी घरापुढच्या उतरणीवर नाक वर करून उभी असे.

ती वर्षे सुखाची होती. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होई. मास्तर झाकणावर थाप मारून म्हणत, "श्वास कसा घेते बघा, शहाण्या पोरीसारखी." तो श्वास माझा होता. मी आत बसून फुगून जात असे.

मास्तरांची एक शिस्त होती. गाडी दुसऱ्याच्या हातात देताना तेल-पाणी बघूनच द्यायची. ही शिस्त त्यांना डेपोत मिळाली आणि चांगलीच महागात पडून मिळाली. एकदा भर उन्हात, चढावर, त्यांच्या बसचे इंजिन जाम झाले. आधीच्या पाळीच्या चालकाने तेल बघितले नव्हते, आणि त्याच्यावर विसंबून यांनीही बघितले नव्हते. प्रवासी रस्त्यावर उतरले. एक म्हातारी गाठोडे सावरत त्यांना म्हणाली, "बाबा रे, येत नाही तर हाकतोस कशाला?" हा किस्सा मास्तर प्रत्येक शिष्याला सांगत आणि शेवटी म्हणत, "तेल कमी पडलं की इंजिन मेलंच. जास्त झालं तर काय बिघडतं?"

काय बिघडते ते मला विचारायला हवे होते. पण मॅनिफोल्डला कोण विचारतो?

आता थोडे इंजिनाच्या पोटाबद्दल सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. पोटाच्या तळाशी तेल असते. त्याच्या वर एक वाकडातिकडा जाड दांडा गरगर फिरत असतो. पोटात तेलाची वाफ होते, आणि ती कोंडू नये म्हणून एका बारक्या रबरी नळीतून माझ्याकडे पाठवतात. नळीच्या तोंडाशी अंगठ्याएवढी एक झडप असते. वाफ तेवढी यावी, तेल येऊ नये, असा करार आहे. पण पोटात तेल जास्त झाले तर दांडा त्यात बुडतो आणि रवीने घुसळावे तसे ते घुसळतो. फेस होतो. तो फेस झडपेला जुमानत नाही. तो सरळ माझ्या अंगणात येतो.

तेल किती आहे ते एका लांब पट्टीवर दिसते. तिच्यावर दोन खुणा असतात, आणि तेल त्या दोहोंच्या मध्ये असावे लागते. मास्तर दुपारी गाडी उतरणीवर लावत, इंजिन बंद केल्याकेल्या पट्टी ओढत. तेव्हा बरेच तेल इंजिनाच्या वरच्या अंगाला चढलेले असते, खाली उतरायला त्याला वेळ लागतो. शिवाय नाक वर असल्यामुळे पोटातले तेल मागे सरकलेले, आणि पट्टी पुढच्या बाजूला. पट्टी खोटे बोलत नव्हती, पण तिला चुकीच्या वेळी चुकीच्या जागी विचारले जात होते. ती कमी दाखवी. मास्तर जिन्याखाली ठेवलेला तेलाचा डबा आणत आणि थोडे ओतत. कोणाला सांगत नसत. त्यांना वाटे, पोरगी दिवसभर राबते, ती तेल बघायला विसरणारच. उगीच बोलून तिला का दुखवा?

संध्याकाळी ताई गाडी आणून त्याच उतरणीवर लावी आणि तितक्याच गरम इंजिनाची पट्टी ओढी. ती कमीच दाखवी. ताईचा डबा डिकीत, जादा चाकाच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला असे. तीही थोडे ओती. तिला वाटे, बाबांना आता पट्टीवरची खूण दिसत नाही. पण तसे म्हटले तर त्यांच्या मनाला लागेल.

अशी दोघांची माया माझ्या वाट्याला आली.

पहिल्यांदा तेल आले ते धुक्यासारखे होते. मला वाटले, जाईल. मग माझ्या भिंती ओल्या झाल्या, त्यावर धूळ बसली, धुळीचा चिखल झाला, आणि तळाशी तेलाचे डबके साचले. ज्या नळ्यांत बाईंनी दिवा सोडून पाहिले होते त्यांत आता दिवा सोडला असता तर उजेडालाही काळे लागले असते. हवा माझ्यातून जाताना तेल सोबत घेऊन जाई आणि इंजिन ते पेट्रोलबरोबर जाळी. गाडीच्या मागून निळा धूर निघू लागला.

लाजेची गोष्ट अशी, मित्रांनो, की ती लपली तरी आतून खाते आणि दिसली तर बाहेरून. माझी दोन्हीकडून सुरू झाली. गल्लीतल्या मुलांनी गाडीचे नाव धुरांडे ठेवले. मास्तरांच्या बायकोला, म्हणजे ताईच्या आईला, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागत. ती गॅलरीतून म्हणे, "बरं आहे, घरात डास म्हणून राहिला नाही. गाडी शिकवायचं सोडा आणि गल्लीगल्लीत फवारणीची कामं घ्या!"

धुराबरोबर तेल जळत होते, म्हणून पट्टी पुन्हा कमी दाखवी. मास्तर स्वतःशी म्हणत, "इंजिन तेल प्यायला लागलंय," आणि आणखी ओतत. ताईही तेच म्हणे आणि तेच करी. जितके ओतावे तितका धूर, जितका धूर तितके ओतणे. मी मध्ये बसून गिळत होतो.

एका सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी स्वतः बाही सारली. गॅरेजमध्ये न्यायला ते तयार नव्हते. "डेपोत मेकॅनिक मला विचारून इंजिन खोलायचे," ते बायकोला म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडावरचा रबरी पाइप काढला, आत बोट घातले आणि बाहेर काढून बघत राहिले. त्यांनी इकडे तिकडे पाहिले आणि बोट पँटला पुसले. त्या क्षणी मला कळले की आम्हा दोघांना सारखेच वाटते आहे.

त्यांनी मला हात पोचेल तिथपर्यंत पुसले, नवी झडप आणून बसवली. ते चूक नव्हते. झडप अडकली तरी माझ्यात तेल येते. पण इथे झडप बिचारी निर्दोष होती. धूर थोडे दिवस थांबला. मास्तरांनी आनंदाने पट्टी ओढली, ती कमी दिसली, आणि त्यांनी तेल ओतले.

मग परीक्षेचा दिवस आला. मास्तरांकडे एक शिंपीणबाई शिकत होत्या. "सुईत दोरा डोळे मिटून ओवते मी, पण हा मेला क्लच हाती लागत नाही," असे म्हणत म्हणत त्या तयार झाल्या होत्या. मैदानात ओळीने गाड्या उभ्या होत्या. आमची पाळी आली. बाईंनी किल्ली फिरवली, पाय जरा जास्त दाबला, आणि माझ्या तळातले सगळे डबके एकदम इंजिनात ओढले गेले. मैदानावर निळा ढग उठला. मागच्या गाडीतला माणूस खोकत खाली उतरला. लोक हसले. परीक्षक साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि मास्तरांना म्हणाले, "मास्तर, आधी गाडीला पास करून आणा, मग माणसांना." शिंपीणबाईंना त्यांनी गाडीतून उतरायला सांगितले. महिन्याअखेर धुराच्या तपासणीत गाडी पास झाली नाही तर तिच्यावर शिकवण्याची परवानगी रद्द, असेही बजावले.

गाडी एकच होती. परवानगी गेली की पाटी उतरणार हे मला आतूनही कळत होते.

घरी आल्यावर वादाला तोंड फुटले.

"तुझी माणसं इंजिन रडवतात," मास्तर म्हणाले. "क्लच दाबून ठेवायचा आणि वर रेस द्यायची. कुठलं इंजिन टिकेल?"

"आणि तुम्ही, बाबा? तुम्ही तिला अजून बस समजून हाकता. चढावर तिसऱ्या गिअरात!"

"मी गाडी हाकायला लागलो तेव्हा तू रांगत होतीस."

"म्हणून तर म्हणते, आता पुरे करा."

आई पोळपाट आपटून म्हणाली, "एकमेकांवर धूर सोडू नका. बाहेरचा पुरे आहे."

त्यानंतर बापलेकीत कामापुरतेच बोलणे उरले, तेही आईच्या मार्फत. "बाबांना विचार, किल्ली कुठं आहे." "तिला सांग, खिळ्याला आहे." दोघे एकाच खोलीत बसून हे बोलत. आणि मित्रांनो, रुसवा धरल्यावरही दोघांनी तेल ओतणे सोडले नाही. उलट आता दुसऱ्याने आपल्यावर बोट ठेवू नये म्हणून जास्त ओतले.

शेवटी ताई म्हणाली, "मी गाडी गॅरेजला नेते. कोणाला यायचं असेल तर या." मास्तर चप्पल घालून मुकाट्याने शेजारी बसले. गॅरेजच्या मिस्त्रीने ऐकून घेतले आणि गाडी रात्रभर तिथेच, सपाट फरशीवर ठेवायला सांगितली. सकाळी दोघे परत आले तेव्हा इंजिन थंडगार होते.

मिस्त्रीने पट्टी ओढली, चिंधीने पुसली, पुन्हा आत घालून ओढली. उजेडाकडे धरून पाहिली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, पट्टीच्या देठापर्यंत आले होते. मग त्याने माझा पाइप काढला. माझ्या तोंडातून तेल ओघळून त्याच्या बुटावर पडले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"तेल कोण टाकतं?" मिस्त्रीने विचारले.

"मी," मास्तर म्हणाले.

"मी," ताई म्हणाली.

दोन्ही उत्तरे एकदमच आली. कित्येक दिवसांनी दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले.

"तू कशाला टाकतेस?"

"तुम्हाला खूण दिसत नाही म्हणून. आणि तुम्ही कशाला?"

"तू विसरशील म्हणून."

"मी कधी विसरले?"

मिस्त्रीने बूट पुसला. "या गाडीला दोन आया मिळाल्यात," तो म्हणाला. "एक भरवून जाते, दुसरी येऊन भरवते. लेकरू ओकेल नाहीतर काय करेल? आणि ओकतंय सगळं या बिचाऱ्याच्या अंगावर." असे म्हणून त्याने मला पान्याने टकटक केले. माझी बाजू कोणीतरी घेतली होती, तरी त्या वेळी मला मान वर करवली नाही. मास्तरांनाही करवली नाही.

मिस्त्रीने मला सोडवून बाहेर काढले. तो धुवायला घेणार तेवढ्यात मास्तर पुढे झाले. "आण इकडे. हे आमचं आहे." ते गॅरेजच्या पायरीवर बसले, मला मांडीवर घेतले आणि ब्रशने घासू लागले. ताईने बाजूला उकिडवे बसून बॅटरी धरली. ब्रश नळीत जाई, काळा होऊन बाहेर येई.

मग मास्तर हळूच म्हणाले, "मला खूण खरंच दिसत नव्हती गं. लांबचं सगळं दिसतं. पार त्या टोकाच्या पाटीवरचं वाचून दाखवतो. हाताजवळचंच दिसत नाही."

"मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

बॅटरीचा उजेड जरा हलला. मास्तर म्हणाले, "सरळ धर. दुसऱ्या नळीत अजून आहे." त्या दुसऱ्या नळीतला डाग मात्र गेला नाही. तेल तिथे भाजून भिंतीला चिकटले होते.

मिस्त्रीने जास्तीचे तेल काढून टाकले. बाहेर काढलेले तेल पाहून ताईने तोंडावर हात ठेवला. मला पुन्हा जागेवर बसवले. धुराच्या नळकांड्यात जुने तेल उरले होते, म्हणून बापलेक गाडी घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला गेले. मागचा धूर निळ्याचा पांढुरका झाला, विरळ झाला आणि शेवटी नाहीसा झाला. तपासणीत गाडी पास झाली. पाटी छपरावर राहिली.

शिंपीणबाईंची परीक्षा पुन्हा झाली आणि त्या नापास झाल्या. वळताना त्यांनी दिव्याऐवजी काचेचा वायपर लावला. धुरामुळे नव्हे, वायपरमुळे नापास, हे ऐकून मास्तरांना पास झाल्याइतका आनंद झाला. पुढच्या खेपेला बाई पास झाल्या आणि त्यांनी गाडीच्या सीटला नवी खोळ शिवून दिली.

घरातले दोन डबे जाऊन एकच राहिला. मास्तरांना जवळचा चष्मा आला. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी उतरणीवरून खाली सपाट रस्त्यावर आणत. मास्तर पट्टी ओढून पुसत, पुन्हा बुडवून ओढत आणि धरून उभे राहत. खूण ताई वाचे. चष्मा आल्यावरही वाचायचे काम तिचेच राहिले. मधूनमधून झडप साफ होई, फिल्टर झटकला जाई. माझ्यात पुन्हा डबके साचले नाही. पण खरे सांगतो, प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली की मी आधी मागच्या नळकांड्याचा कानोसा घेत असे. एकदा हसे झालेल्याची ही खोड जात नाही.

वर्षे गेली, गाडी थकली, भंगारात निघाली. इंजिन तोडायला घेतले तेव्हा ताई तिथे उभी होती. तिने मला मागून घेतले. मला वाटले, डाग दिसू नये म्हणून घेतले असेल. तिने मला आणून टेबलावर ठेवले, सगळ्यांना दिसेल असे.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर एवढे करा. सपाट जागी उभी करा, तिला निवू द्या, मग पट्टी पुसून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये असेल तर डब्याला हात लावू नका, कितीही माया दाटून आली तरी. आणि घरात तुमच्याखेरीज आणखी कोणी ओतत असेल का, ते त्याला तोंडाने विचारा. विचारले तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. त्या गप्प बसण्याचे पुढे काय होते ते माझ्या दुसऱ्या नळीत आहे, हवे तर बोट घालून पाहा.

बोट घालणारा प्रत्येक तुकडीत एक तरी निघतोच. परवा एका आजोबांनी घातले. काळे झालेले बोट वर धरून ते म्हणाले, "अरेरे! कोणी हो केलं हे?"

टेबलाशी बसलेल्या मास्तरांनी चष्मा वर सारला. दाराशी ताई किल्ली घेऊन उभी होती.

"मी," दोघे एकदमच म्हणाले.

खोलीत हशा झाला. मग सगळे बाहेरच्या नव्या गाडीकडे निघाले. ताई सर्वांत शेवटी राहिली. तिने फडके नीट केले आणि जाताजाता माझी ती नळी भिंतीकडे वळवून ठेवली.